व्हेरिएबल की कंबाइन?

गेल्या काही महिन्यांत बोईसरच्या नवापूर नाक्याजवळ एखादा उंच, वाळका म्हातारा एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्याला गोल काळी काच लावून तुमच्याकडे बघताना दिसला असेल, आणि बघता बघता ती काच बोटांनी हळूहळू फिरवायला लागला असेल, तर घाबरू नका. ते आमचे निकमभाऊ. ते तुम्हाला जरा काळोखात घेऊन बघत होते, एवढंच. बघून झालं की ती काच डाव्या खिशात टाकायचे, उजव्या खिशातून तशीच दुसरी काढायचे आणि पुन्हा बघायचे. मग मान हलवून म्हणायचे, "ह्यातबी बराय. पण त्यात जास्त बरा दिसत हुता."

गेल्या महिन्यात त्यांनी बँकेतल्या साहेबाला असंच पाहिलं. साहेबाने आधी हसून घेतलं, मग टाय सरळ केला आणि शेवटी वॉचमनला हाक मारली. सोसायटीच्या पूजेला आम्ही सगळे डोळे मिटून आरती म्हणत होतो आणि भाऊ एकटेच डोळा उघडा ठेवून देवाच्या मुकुटावरची चमक जाते का ते तपासत होते. माझ्या घरी जेवायला आले तेव्हा बायकोने सोलकढी वाढली. भाऊंनी वाटी खिडकीशी नेली, वरून काच धरली आणि आनंदाने ओरडले, "देसले, तळ दिसतोय! स्वच्छ तळ!" बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. सोलकढी पातळ झाली होती असं त्यांना सुचवायचं होतं, आणि मी तिथे गप्प बसलो, असं तिचं म्हणणं.

त्या दोन काचांचा उलगडा करतो. पण आधी एका कोटाबद्दल सांगायला हवं, कारण निकमभाऊंची आणि माझी ओळख त्या कोटाने करून दिली.

मी धुळ्याकडून बोईसरला आलो तेव्हा माझ्या ओठावर नुकती मिशी होती आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली होती. गेट पासला फोटो हवा होता. कुणालाही विचारलं की उत्तर एकच, "प्रतिमात जा." प्रतिमा फोटो स्टुडिओ. प्रतिमा हे भाऊंच्या बायकोचं नाव असावं असं सगळ्यांना वाटायचं. मी तर पहिल्याच दिवशी "वहिनी दिसत नाहीत कुठे?" असं विचारून बसलो होतो. वहिनी दिसणार कुठून? भाऊंनी लग्नच केलं नव्हतं. साताऱ्याकडून वेल्डरचा हेल्पर म्हणून आले, वेल्डिंगच्या काळ्या काचेतून ठिणग्या बघता बघता कॅमेऱ्याच्या नादी लागले आणि कारखाना सोडून नाक्यावर गाळा घेऊन बसले. लग्नाचा विषय काढला की म्हणायचे, "फोटोग्राफर प्रत्येक लग्नात हजर असतो. पण उभा. बसायची वेळच येत नाही."

तेव्हाचं बोईसर सगळं नव्याने आलेल्या माणसांचं होतं. सातारा, सांगली, खानदेश, वऱ्हाड, उत्तर प्रदेश, बिहार. प्रत्येकाला फोटो हवा असायचा. एक गेट पासला, एक रेशन कार्डाला आणि एक घरी पाठवायला, आपलं बरं चाललंय हे दाखवणारा. या तिसऱ्या फोटोसाठी भाऊंनी एक निळा कोट ठेवला होता. तो सगळ्यांना मोठा व्हायचा. मग भाऊ मागे जाऊन कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे आणि कोट अंगाबरोबर करायचे. माणूस पुढून साहेब दिसायचा आणि मागून दोरीवरचा. सेकंड शिफ्ट सुटली की दारात रांग लागायची आणि कुणी ना कुणी विचारायचं, "भैया, कोट खाली है क्या?"

माझाही फोटो त्याच कोटात निघाला आणि अमळनेरला एका मुलीच्या वडिलांकडे गेला. दुर्दैवाने त्यांच्याकडे बोईसरचं आणखी एक स्थळ आलेलं होतं. दोन्ही फोटोंत तोच कोट, तोच टाय, तीच प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणि मागे तोच बर्फाचा डोंगर. सासऱ्यांनी पत्र न पाठवता स्वतःच बोईसर गाठलं आणि पहिला प्रश्न केला, "कोट कुणाचा?" मी खरं सांगितलं. खरं बोलणारा मुलगा म्हणून त्यांनी मला पसंत केलं. बायको मात्र आजही चारचौघांत सांगते, की मी कोटाला हो म्हटलं होतं, आत कोण आहे ते नंतर कळलं.

तर असा हा स्टुडिओ. त्याची रस्त्याच्या बाजूची भिंत म्हणजे एक मोठी काचेची शोकेस. आत आमचे सगळ्यांचे फोटो. नवरा-नवरी, बारशाची बाळं, ग्रॅज्युएशनचा काळा झगा घातलेली मुलगी, आणि कोटातले आम्ही. भाऊंनी एकदा लावलेला फोटो सहसा काढला नाही. माणसं टक्कल पडलेल्या डोक्याने येऊन स्वतःचे केस बघून जायची. माझ्या मुलीला तिच्या मैत्रिणी शाळेतून येताना तिथे थांबवून म्हणायच्या, "बघ, तुझे पप्पा हिरो."

आणि याच शोकेसच्या काचेशी भाऊंचं उभं भांडण होतं. काच रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला. दुपार कलली की सगळं ऊन त्या काचेवर. रस्ता, रिक्षा, समोरचं औषधाचं दुकान, सगळं काचेत दिसायचं, फक्त आतले फोटो सोडून. "ह्या चमकीनं माझा धंदा खाल्ला," हे भाऊंचं पेटंट वाक्य. त्यांनी वर छज्जा काढला, तर फोटो अंधारात गेले. काच जरा तिरकी बसवली, तर रस्ता गेला आणि आकाश आलं. मी केमिस्ट माणूस, मला सोपे उपाय सुचतात. मी म्हटलं, "भाऊ, आतून ट्यूब लावा. आत उजेड असला की बाहेरचं प्रतिबिंब मरतं." ट्यूब होतीच. दुपारपासून ती पेटलेलीही असायची.

"मग सकाळी का बंद ठेवता?" मी विचारलं होतं.

"ट्यूबलाबी आराम पायजे की," भाऊ म्हणाले आणि काच पुसायला लागले.

हा माणूस गेट पासच्या गिऱ्हाइकांसाठी दहाच्या आधी स्टूलवर बसायचा नाही, पण शटर मात्र आठच्या आधी वर जायचं. का, तर काच पुसायला. आत काळोख, हातात फडकं आणि भाऊ काचेमागे. फर्स्ट शिफ्टला नसलो की मी त्या वेळी चहा प्यायला जायचो. त्यामुळे जानकीबायचा नेमही मला पाठ झाला होता.

जानकीबाय नवापूरची. सकाळी शेअर रिक्षाने मासळीची टोपली घेऊन नाक्यावर उतरायची. उतरली की पहिलं काम, टोपली स्टुडिओच्या पायरीवर ठेवायची. मग पदराच्या गाठीतून सोनचाफ्याचं फूल काढायचं. तिच्या अंगणात झाड होतं. ते फूल शोकेसच्या काचेत बघून अंबाड्यात खोचायचं. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कधी एखादा पांढरा केस दिसला तर त्याला दोन शिव्या. मग टोपली उचलायची आणि मार्केटकडे. मी आलो तेव्हा ती नवी सून होती, पुढे नवरा गेला, मुलं मोठी झाली, ती आजी झाली. फूल मात्र तिने त्याच काचेत बघून लावलं. बाहेर सकाळचा उजेड आणि आत अंधार, त्यामुळे तिच्यासाठी तो आरसा होता. आतल्या माणसाला मात्र तीच काच खिडकीसारखी.

भाऊ माझ्याकडे कुरकुर करायचे. "ही बाई टोपली पायरीवर ठिवती. दिवसभर दुकानाला बोंबलाचा वास. नवरीचा फोटो काढताना नवरी शिंकती."

"सांगा की तिला."

"सांगणार हाय. उद्या सांगतो."

तो उद्या काही उगवला नाही, आणि मीही कधी त्याचा फार विचार केला नाही. दुसऱ्याच्या कुरकुरीचा कोण विचार करतो!

मग मोबाइल आले, कोट फासावर गेला, म्हणजे खुंटीवर. स्टुडिओत गिऱ्हाईक येईना. आम्ही सगळे म्हातारे झालो, मी रिटायर झालो. आणि गेल्या वर्षी नोटीस आली की रस्ता रुंद होणार आणि नाक्यावरची गाळ्यांची ती ओळ पावसाळ्याआधी पडणार.

बाकीचे दुकानदार ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होते. भाऊ शांत. मला म्हणाले, "देसले, अख्ख्या बोईसरचे फोटो काढले. माझ्या दुकानाचा एकबी नाय. पाडायच्या आधी शोकेसचा एक फोटो काढायचा. एकच, पण असा की पुन्हा काढायला नको."

मी म्हटलं, काढा, त्यात काय. त्यात काय होतं ते मला पुढचे चार महिने ऐकावं लागलं.

पहिली अडचण रस्त्याची. फोटो समोरच्या बाजूने काढायचा, आणि मध्ये पहाटेपासून रिक्षा, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस. कधीही बटण दाबा, फोटोत रिक्षा. त्यावर उपाय म्हणजे लेन्सवर काळी काच लावायची आणि कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. जे हलतं ते उमटत नाही, जे स्थिर आहे ते उमटतं. "थांबंल तो राहील," भाऊ म्हणाले, आणि तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. या काळ्या काचेचं नाव व्हेरिएबल एनडी. एकावर एक अशा दोन काचा, पुढची फिरवली की काळोख वाढत जातो. भरदुपारी तिन्हीसांज करता येते. फक्त हाव धरून फार फिरवली तर फोटोभर मोठी काळी फुली उमटते.

दुसरी अडचण चमकीची, म्हणजे जुनं दुखणं. तिच्यासाठी दुसरा फिल्टर, ज्याला भाऊ कंबाइन म्हणतात. त्यात थोडा काळोख आणि पोलरायझर, म्हणजे चमक खाणारी काच, एकत्र. जरा तिरकं उभं राहून तो नीट फिरवला की काचेवरचं, पाण्यावरचं प्रतिबिंब नाहीसं होतं आणि आतलं दिसतं. पण त्याचा काळोख ठरलेला, वाढवता येत नाही. शटर फार वेळ उघडं ठेवता येत नाही, मग रिक्षा पूर्ण जात नाहीत, भुतासारख्या पुसट राहतात.

म्हणजे व्हेरिएबल लावला तर रस्ता रिकामा, पण काचेत चमक. कंबाइन लावला तर काच स्वच्छ, पण रस्त्यावर भुतं.

"दोन्ही एकावर एक लावा की," मी म्हटलं.

भाऊंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "व्हेरिएबलमधी आधीच दोन पोलरायझर हायत. नवरा-बायकूच म्हणा. वरनं तिसरा बसवला की घरात काय हुतंय, तुम्हाला ठावं नाय?"

माझी सासू त्या वेळी आमच्याकडे राहायला आली होती, त्यामुळे मला पटकन समजलं.

पुढे पुढे तर त्यांनी माणसांची वाटणीही तशीच करून टाकली. माझी बायको कंबाइन. "त्यांना आतलं एका नजरंत दिसतं, पण काळोख ठरलेला." मी व्हेरिएबल. "फिरवंल तसे फिरता. लई फिरवलं की फुली." मुंबईतल्या ज्या दुकानातून फिल्टर घ्यायचा होता तिथल्या विक्रेत्याला ते रोज दुपारी फोन करायचे. आधी तो माहिती द्यायचा, नंतर नंतर फोन उचलताच म्हणायचा, "बोला काका, जेवलात का?" भाऊ त्याला जेवणात काय होतं ते सांगायचे आणि मग विचारायचे, "तर मग, व्हेरिएबल का कंबाइन?" शेवटी त्या भल्या माणसाने दोन्ही फिल्टर कुरियरने पाठवून दिले. एक ठेवा, एक परत पाठवा, आणि काका, कृपा करून ठरवा.

आणि अशा रीतीने दोन खिशांत दोन काचा आल्या आणि बँकेतल्या साहेबावर तो प्रसंग ओढवला.

चाचणीसाठी एका रविवारी आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत माणसंच माणसं. भाऊंनी व्हेरिएबल लावला, मला वाळूत उभं केलं आणि म्हणाले, "हलू नका." मी उभा राहिलो. शटर उघडं असतानाच माझ्या नाकावर माशी बसली. मी फक्त मान झटकत राहिलो.

फोटो बघितला आणि मी गारच झालो. एवढी गर्दी, तिच्यातलं एक माणूस फोटोत नाही. रिकामा किनारा, दुधासारखं पसरलेलं पाणी, वाळूत झोपलेलं एक कुत्रं आणि कट्ट्यावर गप्प बसलेलं एक म्हातारं जोडपं. आणि मध्ये मी. माझे बूट, माझी पँट, माझा शर्ट, आणि वर डोक्याच्या जागी धुकं.

"थांबंल तो राहील," भाऊ समाधानाने म्हणाले. "तुम्ही मानंपतूर थांबला."

मग त्यांनी कंबाइन काढला आणि खडकातल्या एका डबक्यावर वाकले. मलाही दाखवलं. नुसत्या डोळ्याला पाण्यावर फक्त आकाश दिसत होतं. काच फिरवली आणि आकाश गेलं. तळाची वाळू दिसली, शिंपले दिसले, एक छोटा खेकडा वाकडा वाकडा चालला होता. मला त्या खेकड्याचा इतका आनंद झाला की मी ओरडलो, "भाऊ, ठरलं! कंबाइनच! आयुष्यभर चमकीला शिव्या दिल्या, आता शेवटच्या फोटोत तरी तिला घालवा. रिक्षांची भुतं राहिली तर राहू देत."

"व्हय," भाऊ म्हणाले. "बरोबर हाय. कंबाइनच." पण ते अशा आवाजात म्हणाले, की जसं कुणी डॉक्टरने सांगितलेलं पथ्य वाचून दाखवावं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी सकाळी चहाला गेलो, तर जानकीबाय पायरीशी उभी होती. फूल लावून झालं होतं. आतला काळोख न्याहाळत ती म्हणाली, "ओ फोटोवाले, ही तुमची पायरी जानार म्हंतात?"

भाऊ फडकं घेऊन दारात आले. "व्हय."

"मंग मी टोपली कुटं ठेवू?" आणि ती स्वतःच हसली. "तशी आता मी पन नाय यायची. गुडगे गेले माझे. होळी झाली का सून येल. ती तरणी हाय, ती कुटं थांबत नाय. रिक्षातून उतरते ती सरळ मार्केटात."

"होळीपतूर येणार न्हवं?" भाऊंनी विचारलं.

"येन की. नाय येऊन करू काय?" टोपली उचलून ती गेली.

भाऊंनी खिशातून काच काढली, डोळ्याला लावली आणि ती गेली त्या दिशेला बघत राहिले. नेहमीप्रमाणे फिरवली नाही. मी दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाले, "देसले, रविवारी फोटो काढू. सकाळी. तुम्ही या, ट्रायपॉडला रिक्षावाले धक्का मारतात."

रविवारी मी पोचलो तेव्हा औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जरा तिरका ट्रायपॉड लागला होता. समोर शोकेस. काच अशी पुसलेली की त्यात सगळा नाका दिसत होता. आतली ट्यूब बंद. मी रस्ता ओलांडून ती लावायला निघालो, तर भाऊंनी माझा शर्टच धरला. "लावू नका."

मग त्यांनी कंबाइन माझ्या हातात दिला. डबीत घालून, वर रबर लावून. "हा उद्या परत पाठवा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो भाऊ, आणि चमक?"

"ऱ्हाऊ द्या."

"फोटो दिसणार नाहीत आतले! आम्ही कुणीच दिसणार नाही!"

"तुम्हाला काय बघायचंय, देसले? तुम्ही घरी आरशात बघा." त्यांनी लेन्सवर व्हेरिएबल लावला, कॅमेऱ्यात डोळा घातला आणि पुटपुटले. व्हेरिएबलमध्येही पोलरायझर असतातच, त्यामुळे तोही थोडीशी चमक खातो, पण स्वतःच्या मर्जीने. भाऊंनी अख्खा फिल्टर लेन्सवर थोडा सैल करून फिरवला, पुन्हा पाहिलं, आणखी थोडा फिरवला. "काळोख तेवढाच ठिवायचा," म्हणाले, "चमक वाढवायची."

आयुष्यभर चमकीशी भांडलेला माणूस चमक वाढवत होता. मी डबीवरचं रबर ताणत उभा राहिलो.

जानकीबायची रिक्षा आली. ती उतरली, टोपली पायरीवर ठेवली, पदराची गाठ सोडली आणि काचेसमोर उभी राहिली. फूल धरलेला हात वर गेला.

"बाई!" भाऊ ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. दोन रिक्षावाल्यांनी ब्रेक मारले. "तशाच थांबा. हात हलवू नका!"

तिने मागे वळून पाहिलं नाही. काचेतच तिला आम्ही दिसलो असणार. काचेतच बघत ती म्हणाली, "किती वेळ?"

"मी बास म्हणीन तवर!"

शटर उघडलं. मधून रिक्षा गेल्या. ड्रमांनी भरलेला टेम्पो गेला. कंपनीची बस हॉर्न देत गेली. एक सायकलवाला तिच्या अगदी जवळून गेला आणि टोपलीकडे बघून नाक मुरडून गेला. जानकीबाय हलली नाही. हात अंबाड्याशी, मान थोडी तिरकी, नजर काचेत. गुडघे दुखत असणार, पण नाही हलली. चिंचणीला डोकं गमावलेला मी, फोटोत नसूनही श्वास धरून उभा होतो.

शटर मिटलं. भाऊंनी मागच्या पडद्यावर फोटो आणला आणि मला दाखवला.

रस्ता रिकामा होता. नाक्यावर एक रिक्षा नाही, एक माणूस नाही, पहिल्या दिवशी मी बोईसरला उतरलो तेव्हाही तो इतका रिकामा नव्हता. पायरीवर टोपली. काचेसमोर पाठमोरी जानकीबाय. आणि काचेत, आमच्या सगळ्यांच्या कोटांवरून, बाळांवरून, नवरा-नवरींवरून, स्वच्छ उमटलेला तिचा चेहरा आणि त्याच्याशी सोनचाफ्याचं पिवळं फूल. आम्ही मागे पुसट झालो होतो आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ती ट्यूब पेटली. आठच्या आधी वर जाणारं शटर. काळोखात काच पुसत बसणारा माणूस. उद्यावर टाकलेली तक्रार. मी केमिस्ट, थेंबाभराने बदलणारा रंग ओळखण्यात आयुष्य गेलं, आणि शेजारच्या माणसाचा हा रंग मला ओळखता आला नव्हता.

जानकीबाय रस्ता ओलांडून आली. पडद्यात डोकावली. बराच वेळ बघत राहिली.

"रिक्षा कुटं गेल्या?"

"हलल्या," भाऊ म्हणाले.

"आन मी?"

"तुम्ही थांबला."

दोन म्हातारी माणसं त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत उभी. मला ते सहन होईना. मला कुणाच्याही मध्ये बोलायची सवय आहे, बायको त्यावरून बोलतेच. मी म्हणून टाकलं, "जानकीबाय, तुम्हाला फूल लावायला आरसा मिळावा म्हणून यांनी इतकी वर्षं सकाळची ट्यूब लावली नाही हो. एक दिवससुद्धा नाही."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की आता डबी डोक्यात घालतील.

जानकीबायने पदर सावरला. रस्त्यापलीकडे तिची टोपली एकटीच होती, तिकडे एकदा बघून घेतलं. मग भाऊंकडे बघून अगदी सहज म्हणाली, "आरसा माझे घरी पन हाय, फोटोवाले."

आणि ती तिथेच उभी राहिली.

निकमभाऊंचा हात डाव्या खिशात गेला. मग उजव्या खिशात गेला. एक काच कॅमेऱ्यावर होती आणि दुसरी माझ्या हातातल्या डबीत. डोळ्याला लावायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ते नुसतेच तिच्याकडे बघत राहिले.